देवडी, कोठी आणि मुदपाकखाना

गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे प्रवेशअर्ज तोवर कागदावर येत असत. मुले आडगावची. अर्ज न्यायला एक खेप, भरून द्यायला दुसरी, राहिलेला दाखला आणायला तिसरी. एवढ्या खेपांचे एस.टी.चे भाडे मुलांनी कुठून आणायचे? म्हणून आमच्याच काही विद्यार्थ्यांनी घरबसल्या अर्ज भरता यावा यासाठी एक छोटे वेब अ‍ॅप तयार केले. प्रयोगशाळेतल्या संगणकावर ते झकास चालले. शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले असताना आम्ही ते सर्व्हरवर चढवले आणि हातावर हात ठेवून स्वस्थ बसलो.

दुपारी एका खेड्यातल्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. "सर, पान उघडतंय, पण नुसती काळी अक्षरं दिसतायत. सगळे रकाने एकाखाली एक कोसळल्यासारखे झालेत. जिल्हा निवडला तरी तालुक्यांची यादी येत नाही, आणि यादी आल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. माझ्यासमोर चार मुली बसल्यायत. त्यांना काय सांगू?"

काय सांगणार? मी एम.ए. झालेला माणूस. वसतिगृहाची व्यवस्था माझ्याकडे, एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध. पण प्रश्न त्या चार मुलींचा होता. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर दहावीनंतरचे त्यांचे शिक्षण तिथेच थांबायचे, हे बाईंनाही ठाऊक होते आणि मलाही. त्या रात्री मुलांबरोबर मीही संगणकासमोर बसलो. त्या रात्री आणि नंतरच्या काही महिन्यांत जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. कारण आता कितीतरी शाळांतले शिक्षक असली छोटी अ‍ॅप्स स्वतः बांधतात, आणि जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी या खड्ड्यातून जावे लागते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो, "पान उघडले." आपल्याला वाटते, एकदा मागितले, एकदा मिळाले. तसे नसते. ब्राउझर पहिल्यांदा मागतो तो नुसता मजकूर. त्या मजकुरातच लिहिलेले असते की, सजावटीची फाइल अमुक ठिकाणी आहे, हालचालीची फाइल तमुक ठिकाणी आहे, बोधचिन्ह आणखी कुठे आहे. मग ब्राउझर त्या एकेका वस्तूसाठी पुन्हा निरोप धाडतो. एका साध्या पानासाठी असे वीस-वीस निरोप जातात. त्यातला पहिला पोचला आणि उरलेले हुकले, तर अक्षरे दिसतात पण रंग नाही, आकार नाही, बटणात जीव नाही. बाईंना दिसत होते ते नेमके हेच. सजावटीची फाइल म्हणजे सीएसएस, ती आली नव्हती म्हणून रकाने कोसळले होते. हालचालीची फाइल म्हणजे जावास्क्रिप्ट, ती आली नव्हती म्हणून तालुक्यांची यादी उघडत नव्हती. या तयार, न बदलणाऱ्या फायलींना स्टॅटिक, म्हणजे स्थिर फायली म्हणतात.

आता सर्व्हरच्या बाजूला काय असते ते पाहू. एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. पुढे देवडी, देवडीवर एक माणूस बसलेला. आत एका अंगाला कोठी. तिच्यात लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे, गुळाची ढेप, असा तयार माल. दुसऱ्या अंगाला मुदपाकखाना. तिथला आचारी मागाल ते ताजे करून देणार. आलेल्या पाहुण्याला आत जायची मुभा नाही. काय हवे ते देवडीवर सांगायचे. पापड मागितला तर देवडीवरचा माणूस स्वतः कोठीत हात घालून देतो. गरम भाकरी मागितली तर मुदपाकखान्यात वर्दी देतो आणि तयार झाल्यावर आणून देतो.

यातला देवडीवरचा माणूस म्हणजे प्रॉक्सी. आपल्या वतीने बोलणारा मुखत्यार असा त्या शब्दाचा अर्थ. आमच्याकडे या कामाला इंजिनएक्स नावाचा प्रोग्रॅम होता. रशियातल्या इगोर सिसोयेव यांनी तो २००२ साली लिहायला घेतला आणि २००४ साली जगाला खुला केला. एकाच वेळी हजारो पाहुण्यांची ये-जा सांभाळावी, हा त्यामागचा हेतू. आचारी म्हणजे आमच्या मुलांनी लिहिलेले अ‍ॅप. ते जँगो नावाच्या चौकटीवर बांधलेले होते. ही चौकट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली आणि २००५ साली सर्वांना खुली झाली. कोठी म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरचे एक साधे फोल्डर.

तुम्ही विचाराल, "प्रयोगशाळेत मग ते कसे चालले?" चांगला प्रश्न आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. शिकण्यासाठी, घरी करून पाहण्यासाठी जँगोबरोबर एक लहानसा सर्व्हर येतो. तपासणीची अवस्था चालू असेल तोवर हा सर्व्हर स्थिर फायलीही आपणच वाढतो. म्हणजे घरच्या जेवणात आचारीच उठून कोठीतले लोणचे आणून देतो. तिथे देवडी नाही, देवडीवरचा माणूस नाही. पण अ‍ॅप लोकांसाठी खुले करताना तपासणीची अवस्था बंद करायची असते, आणि ती बंद झाली की आचारी सांगतो, "आता कोठीचे काम माझे नाही." ते काम देवडीवरच्या माणसाने करायचे. त्याला कोठी कुठे आहे हे आपण नीट सांगितले नसेल, तर पाहुणा उपाशी राहणार. "माझ्या संगणकावर तर चालतंय," हे वाक्य म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. माझ्या संगणकावर देवडीच नव्हती.

आता दोष शोधायचा कसा? आम्ही त्या रात्री केले तसे करू नका. एकाने फोल्डरचे नाव बदलले, दुसऱ्याने सेटिंग बदलले, तिसऱ्याने सर्व्हर बंद करून चालू केला. तासाभराने कोणी काय बदलले हे कोणालाच सांगता येईना. एका दोषाचे तीन झाले. तेव्हा पहिला नियम हा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदललेली प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवायची.

दुसरा नियम असा की, अंदाज बांधण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवायची. पाहुण्याने नेमके काय मागितले? उत्तर कोणी दिले, देवडीने की आचाऱ्याने? आणि दिले ते काय दिले?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ब्राउझरमध्येच मिळते. संगणकाच्या कळफलकावर एफ-१२ ही कळ बहुधा असते. ती दाबली की एक खिडकी उघडते. तिच्यात नेटवर्क नावाचा भाग आहे. तो उघडा ठेवून पान पुन्हा मागवा. गेलेला एकेक निरोप ओळीने दिसतो. कोणता पत्ता मागितला, उत्तराचा आकडा काय आला, आलेली वस्तू कोणत्या जातीची होती, सारे तिथे असते. आकडा २०० म्हणजे दिले. तीनशेच्या घरातला बहुतेक वेळा "दुसरीकडे जा" असे सांगतो, आणि त्यातला ३०४ म्हणजे "तुझ्याजवळचीच प्रत चालेल." चारशेच्या घरातला म्हणजे मागणीत काही खोट आहे किंवा द्यायला मनाई आहे. पाचशेच्या घरातला म्हणजे वाड्याच्या आत बिघाड आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत मिळते. देवडीवरचा माणूस दोन वह्या ठेवतो. एकीत आल्या-गेल्याची नोंद, दुसरीत अडचणींची. ही दुसरी वही फार मोलाची आहे. "अमुक फाइल उघडायला गेलो, ती सापडली नाही," असे तीत संपूर्ण मार्गासह लिहिलेले असते. शेवटी कंसात आकडा असतो. २ असेल तर फाइल तिथे नाही. १३ असेल तर फाइल आहे, पण वाचायची परवानगी नाही. शिवाय सर्व्हरवरच बसून कर्ल नावाच्या आज्ञेने देवडी वगळून थेट आचाऱ्याला विचारता येते. तिथे पान नीट मिळाले आणि देवडीवरून मिळाले नाही, तर दोष देवडीचा. मात्र स्थिर फाइल आचाऱ्याकडे थेट मागितली आणि तो नाही म्हणाला, तर घाबरू नका. ते त्याचे कामच नाही, हे आपण वर पाहिले.

आता एकेक दोष घेऊ.

सर्वांत आधी ४०४, म्हणजे वस्तू सापडली नाही. याची तीन-चार कारणे नेहमी भेटतात. एक, कोठीच रिकामी. जँगोमध्ये प्रत्येक घटकाच्या स्थिर फायली आपापल्या फोल्डरात विखुरलेल्या असतात. त्या सगळ्या गोळा करून एका ठिकाणी ठेवण्यासाठी कलेक्टस्टॅटिक नावाची आज्ञा आहे. ती दिलीच नाही, किंवा नवी फाइल घातल्यावर पुन्हा दिली नाही, तर पापड घरोघर वाळताहेत आणि कोठीत डबा रिकामा, अशी स्थिती होते.

दोन, कोठी भरलेली, पण देवडीवरच्या माणसाला पत्ता चुकीचा दिलेला. इथे लक्ष द्या, कारण आमची रात्र इथेच गेली. पत्त्याचे दोन प्रकार आहेत, रूट आणि एलियस. समजा, पाहुणा 'स्टॅटिक'खालची 'रंग' नावाची फाइल मागतो आहे. रूट या पद्धतीने फोल्डर सांगितले, तर इंजिनएक्स मागणीचा संपूर्ण पत्ता त्या फोल्डरापुढे जोडतो. एलियस या पद्धतीने सांगितले, तर मागणीतला 'स्टॅटिक' एवढा तुकडा काढून त्या जागी फोल्डर ठेवतो. आमच्या मुलांनी कोठीच्या फोल्डराचे नावच 'स्टॅटिक' ठेवले होते आणि पत्ता रूट पद्धतीने दिला होता. परिणाम असा, की तो बिचारा 'स्टॅटिक'च्या आत आणखी एक 'स्टॅटिक' शोधत होता. कोठीच्या आत दुसरी कोठी! ती कुठून सापडणार?

एलियसचीही एक खोड आहे. पत्त्यात दोन नावांमध्ये जी तिरकी रेघ असते, तिला स्लॅश म्हणतात. मागणीच्या बाजूला शेवटी स्लॅश दिला आणि फोल्डराच्या बाजूला विसरला, तर फोल्डराचे नाव आणि फाइलचे नाव एकमेकांना चिकटून एक तिसरेच नाव तयार होते. टपालाच्या पत्त्यात गावाचे आणि तालुक्याचे नाव जोडून लिहावे तसे. अडचणींची वही उघडलीत तर हे चिकटलेले नाव तिथे स्पष्ट दिसते.

तीन, अक्षरांचा आकार. विंडोजच्या संगणकावर मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत सहसा भेद केला जात नाही. सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो, आणि तो हा भेद काटेकोर पाळतो. शाळेच्या बोधचिन्हाच्या फाइलचे नाव मोठ्या अक्षरात ठेवले आणि पानात लहान अक्षरात लिहिले, तर घरी चित्र दिसते आणि सर्व्हरवर अदृश्य होते. फायलींची नावे पहिल्यापासून लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवावीत, म्हणजे ही कटकट उद्भवत नाही.

आणखी एक. विद्यार्थ्यांनी अर्जाबरोबर चढवलेली छायाचित्रे ही स्थिर फायलींत मोडत नाहीत. जँगो त्यांना वेगळे स्थान देतो, आणि देवडीवरच्या माणसाला त्या दुसऱ्या कोठीचा पत्ताही वेगळा सांगावा लागतो. पान रंगीत दिसते पण मुलांचे फोटो दिसत नाहीत, अशी तक्रार आली की आधी इकडे पाहा.

आता ४०३, म्हणजे मनाई. माल आहे, पण कोठीला कुलूप आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डराला कोणी आत जावे, कोणी वाचावे, याचे नियम असतात. देवडीवरचा माणूस वेगळ्या नावाने वावरतो. त्याला शेवटची फाइल वाचता येऊन भागत नाही, वाटेतल्या प्रत्येक दारातून जाता आले पाहिजे. पुष्कळ जण अ‍ॅप स्वतःच्या घराच्या फोल्डरात ठेवतात. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे घर इतरांना बंद असते. म्हणून जुन्या टिपणाबरहुकूम केले तरी नव्या सर्व्हरवर ४०३ येतो. अशा वेळी सगळी दारे सर्वांना सताड उघडी करण्याचा मोह होतो. तसे करू नका. कोठी घराबाहेर, सामायिक जागी हलवा, आणि लागेल तेवढीच परवानगी द्या.

मात्र एक सावधगिरी बाळगा. अर्ज पाठवताना जर ४०३ आला, तर तो कोठीच्या कुलपाचा नसून बहुधा आचाऱ्याचा असतो. अर्ज आपल्याच पानावरून आला आहे ना, याची खूण जँगो तपासतो. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत पत्ता लिहायचा तर 'एचटीटीपीएस'सकट पुरा लिहावा लागतो. आकडा एकच असला तरी तो दोन वेगळ्या दारांवरून आलेला असू शकतो. म्हणूनच "उत्तर कोणी दिले" हा प्रश्न विसरता कामा नये.

तिसरा दोष सगळ्यांत फसवा. आकडा येतो २००, म्हणजे दिले. तरी पान कोसळलेलेच! बारकाईने पाहिले तर कळते की मागितला पापड आणि हातात ठेवली भाकरी. मागितली सजावटीची फाइल आणि मिळाले एक भलतेच पान. ब्राउझर तक्रार करतो की, जात जुळत नाही, किंवा जावास्क्रिप्टच्या पहिल्याच अक्षराला कोनाचे चिन्ह आले, जे तिथे नको होते. पाने त्या चिन्हाने सुरू होतात, जावास्क्रिप्ट नव्हे. हे का होते? काही अ‍ॅप्समध्ये एकच मूळ पान असते आणि आतली वाट ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ठरवते. अशा अ‍ॅपच्या आतल्या पानावर असताना कोणी पान पुन्हा मागवले, तर देवडीवर तो पत्ता पोचतो. त्या नावाची वस्तू कोठीत नसते, आणि ४०४ येतो. त्यावर उपाय म्हणून देवडीवर सांगून ठेवतात की, मागितलेली वस्तू सापडली नाही तर मूळ पान द्या. उपाय बरोबर आहे. पण तो सरसकट लावला तर हरवलेल्या सजावटीच्या फाइलच्या बदलीही मूळ पानच दिले जाते, आणि हरवल्याची बातमी दबून राहते. म्हणून स्थिर फायलींच्या पत्त्याला हा नियम लावू नये. जे नाही ते नाही म्हणून सांगितलेले बरे, नाही का?

चौथा दोष शिळ्या डब्याचा. ब्राउझर एकदा आणलेली फाइल जवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला वेळ आणि डेटा वाचतो. खेड्यात जिथे मोबाइलची रेंज कडेवरच्या पोरासारखी येते-जाते, तिथे ही सोय अमोलिक आहे. पण तुम्ही फाइल दुरुस्त केली आणि पाहुणा कालचाच डबा उघडून बसला, तर तो म्हणणार, "अजून तसंच आहे!" यावर युक्ती अशी की, फाइलच्या मजकुरावरून काढलेली एक खूण तिच्या नावातच घालायची. मजकूर बदलला की नाव बदलते, आणि ब्राउझर नवी प्रत मागतो. मात्र मूळ पान तेवढे फार काळ साठवू देऊ नये. नाहीतर शिळे पान जुन्या नावाची फाइल मागत राहते, आणि तुम्ही ती केव्हाच काढून टाकलेली असते.

आता वाटांविषयी, म्हणजे राउटिंगविषयी. देवडीवरच्या माणसाला आपण नियमांची यादी देतो की, अमुक पत्ता कोठीकडे, तमुक आचाऱ्याकडे. आपल्याला वाटते, तो यादी वरून खाली वाचतो. इंजिनएक्स तसे करत नाही. साध्या नियमांपैकी ज्याचा सर्वांत लांब तुकडा मागणीशी जुळतो तो तो निवडतो. पण एखादा नमुन्याचा नियम, म्हणजे "ज्यांच्या शेवटी अमुक अक्षरे आहेत ते सगळे", जुळला तर सहसा त्याला पहिला मान देतो. कोणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेला असा नमुन्याचा नियम यादीच्या तळाशी पडलेला असतो आणि तुमच्या नीट लिहिलेल्या नियमाच्या तोंडचा घास काढून घेतो.

दुसरी अडचण पोटपत्त्याची. महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या पोटातच 'वसतिगृह' अशा नावाखाली अ‍ॅप ठेवले, तर ते पोटनाव आचाऱ्यापर्यंत पोचवायचे की देवडीवरच काढून घ्यायचे, हे ठरवावे लागते. आचाऱ्याचा पत्ता सांगताना शेवटी स्लॅश दिला तर इंजिनएक्स पोटनाव काढून घेतो, न दिला तर जसेच्या तसे पुढे धाडतो. एका रेघेने इतका फरक! आणि काढून घेतले तर अ‍ॅपलाही सांगून ठेवावे लागते की, बाबा रे, तू या पोटनावाखाली राहतोस. नाहीतर त्याने लिहिलेले सगळे दुवे आणि स्थिर फायलींचे पत्ते पोटनाव सोडून मुख्य संकेतस्थळाकडे जातात.

तिसरी अडचण गमतीची आणि तितकीच त्रासाची. पाहुणा कुलूपबंद वाटेने, म्हणजे एचटीटीपीएसने देवडीपर्यंत येतो. देवडीपासून आत मुदपाकखान्यापर्यंत निरोप साध्या वाटेने जातो. आचाऱ्याला वाटते, पाहुणा साध्या वाटेने आला. तो म्हणतो, "कुलूपबंद वाटेने या." पाहुणा पुन्हा त्याच वाटेने येतो, आचारी पुन्हा तेच सांगतो. अशा फेऱ्या घालून ब्राउझर शेवटी थकतो आणि फार फेऱ्या झाल्याचे सांगतो. उपाय सोपा आहे. पाहुणा कोणत्या वाटेने आला आणि त्याने कोणाचे नाव विचारले, हे देवडीवरच्या माणसाने चिठ्ठीत लिहून आत द्यावे, आणि आचाऱ्याने त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा. मात्र पाहुण्याने स्वतः लिहून आणलेली चिठ्ठी देवडीवर काढून घेतली जाते, याची खात्री असेल तेव्हाच.

राहिले पाचशेच्या घरातले आकडे. ५०२ आला आणि वहीत १११ हा आकडा दिसला, तर चूलच पेटलेली नाही. अ‍ॅप बंद पडले आहे, किंवा देवडी एका दारावर ठोठावते आहे आणि अ‍ॅप दुसऱ्याच दाराशी बसले आहे. ५०४ म्हणजे आचाऱ्याने फार वेळ लावला. तुम्ही वेगळे सांगितले नसेल तर इंजिनएक्स उत्तरासाठी ६० सेकंद वाट पाहतो. आणि चारशेतला एक ध्यानात ठेवा, ४१३. एक मेगाबाइटहून मोठे ओझे इंजिनएक्स आपणहून आत घेत नाही. मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो सहज त्याहून मोठा असतो. ही मर्यादा वेळीच वाढवली नाही, तर तुमच्या गावातल्या मुलाचा अर्ज नेमका शेवटच्या पायरीवर अडतो.

श्रोतेहो, आता एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या रात्री दोन वाजता आमच्यातल्या एका हुशार मुलाने सुचवले, "सर, देवडी राहू द्या. तो शिकाऊ सर्व्हरच तपासणीच्या अवस्थेत चालू ठेवू. लगेच सगळं दिसेल." आणि ते खरे होते. दिसले असते. मी होकार देणारही होतो. पण त्याच मुलाच्या शेजारी बसलेल्या मुलीने शांतपणे एक चुकीचा पत्ता टाकून दाखवला. तपासणीच्या अवस्थेत चूक झाली की अ‍ॅप आपल्या पोटातले सारे पडद्यावर मांडते. आतल्या वाटांची यादी, आणि मोठी चूक असेल तर कोडच्या ओळी आणि त्या क्षणी हाताळली जात असलेली माहितीसुद्धा. ती माहिती म्हणजे मुलांची नावे, त्यांच्या घरचे पत्ते, वडिलांचे उत्पन्न. ज्यांनी विश्वासाने ते आमच्या हाती दिले, त्यांची झाकली मूठ आम्ही चव्हाट्यावर उघडणार होतो. मी नको म्हटले. मुलीचे ते पाच मिनिटांचे काम आमच्या पाच तासांच्या खटाटोपापेक्षा मोठे होते.

मग आम्ही पहिल्यांदा अडचणींची वही उघडली. पहिल्याच ओळीत लिहिलेले होते, 'स्टॅटिक'च्या आत 'स्टॅटिक', आणि कंसात २. दुपारी बाईंचा फोन आला त्या वेळेपासून ते तिथे लिहिलेले होते. आम्ही वाचले नव्हते, इतकेच. रूटच्या जागी एलियस लिहिले, स्लॅश तपासले, नियम बरोबर आहेत ना याची इंजिनएक्सच्या तपासणीच्या आज्ञेने खात्री केली, आणि मगच नवे नियम लागू केले. पान रंगीत झाले.

सकाळी मी बाईंना फोन केला. चारपैकी तीन मुली पुन्हा आल्या आणि त्यांचे अर्ज भरले गेले. चौथी आली नाही. पेरणीचे दिवस, तिला पुन्हा कोण सोडणार? तिच्यासाठी बाईंनी आदल्या संध्याकाळीच साध्या कागदावर अर्ज लिहून तिची सही घेतली होती. तो त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवला आणि आम्ही तो घेतला. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे, की नवी सोय पुरती सिद्ध होईपर्यंत जुनी वाट बंद करायची नाही. आणि शेवटच्या तारखेच्या तोंडावर काही नवे चढवायचे नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर विजेचा पंप असेल. शेवटच्या वाफ्यात पाणी येत नाही, म्हणून कोणी शहाणा शेतकरी थेट मोटार उकलत नाही. तो बांधाबांधाने मागे येतो. इथे पाणी आहे का, या जोडापर्यंत आहे का, पाइप कुठे फुटला आहे का, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा आहे का, वीज तरी आहे का. जिथपर्यंत पाणी आहे आणि जिथून पुढे नाही, त्या दोहोंच्या मध्येच दोष असतो. ही विद्या आपल्याकडे घरोघरी आहे. संगणकाच्या वाटेवर फक्त नावे निराळी आहेत. तेव्हा शिक्षकमित्रांनो, वर्गातल्या मुलांना ही नावे शिकवा, पण त्याआधी बांधाबांधाने मागे यायची सवय लावा. आणि वही उघडून वाचायचीही, कारण बहुतेक वेळा उत्तर आधीच तिथे लिहिलेले असते.